‘फोटोइलेक्ट्रिक’ म्हणजे नेमकं काय, आणि प्रॅक्टिकलला प्लँकचा स्थिरांक कमी का येतो?

प्रश्न असा आहे: बारावीच्या पुस्तकातला प्रकाशविद्युत परिणाम, छतावरचं सोलर पॅनेल, रस्त्यावरच्या दिव्याचा फोटोसेल आणि कारखान्यातला फोटोइलेक्ट्रिक सेन्सर हे सगळं एकच का? आणि बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला प्लँकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाच्या वारंवारतेला ज्याने गुणलं की फोटॉनची (प्रकाशाच्या एका कणाची) ऊर्जा मिळते तो आकडा, ६.६ × १०^-३४ च्या ऐवजी ५.६ च्या आसपास का येतो?

एकच नाही. चारही ठिकाणी प्रकाश पडतो आणि विजेत फरक पडतो, म्हणून बाजारात सगळ्यांनाच सरसकट ‘फोटोइलेक्ट्रिक’ म्हणतात. भौतिकशास्त्रात मात्र प्रकाशविद्युत परिणाम हे नाव एकाच घटनेला आहे: प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पदार्थाचा पृष्ठभाग सोडून बाहेर पडतो. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर, निर्वातात किंवा हवेत. इलेक्ट्रॉन पदार्थाच्या आतच मोकळा झाला तर त्याला दुसरं नाव आहे. जुन्या पुस्तकांत त्याला ‘अंतर्गत प्रकाशविद्युत परिणाम’ म्हटलेलं सापडेल. ते चूक नाही, पण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सोलर पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉन सिलिकॉन सोडून कुठेही जात नाही. प्रकाशाने तो जागचा सुटतो, पी-एन जंक्शनमधलं, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यातलं विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं आणि तारेतून फिरून तो परत सिलिकॉनमध्ये येतो. याला फोटोव्होल्टाइक परिणाम म्हणतात आणि तो बेकेरेल यांनी १८३९ सालीच पाहिला होता. दिव्याच्या फोटोसेलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला ‘डे-नाइट सेन्सर’ म्हणतात त्यात, बहुतेक वेळा कॅडमियम सल्फाइडची एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणारी वस्तू असते. तिच्यावर प्रकाश पडला की रोध मेगाओहमवरून काहीशे ओहमपर्यंत उतरतो. ही प्रकाशवाहकता झाली. कारखान्यातल्या सेन्सरमध्ये आणि लिफ्टच्या दारात फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश ओळखणारा अर्धवाहक घटक असतो. ‘फोटोइलेक्ट्रिक’ स्मोक डिटेक्टरमध्ये धुरावरून विखुरलेला उजेड फोटोडायोडवर पडतो, बाकी काही नाही. यातल्या एकातूनही इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही.

वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘आइन्स्टाइनना ज्या शोधासाठी नोबेल मिळालं त्यावरच सोलर पॅनेल चालतं’ असं वाक्य येतं. १९२१ सालचं ते पारितोषिक, जे प्रत्यक्षात १९२२ मध्ये जाहीर झालं, प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा खास उल्लेख करून दिलेलं आहे. सोलर सेलशी त्याचं नातं चुलत म्हणावं असं: प्रकाशाची ऊर्जा गठ्ठ्यांनी, म्हणजे फोटॉनच्या रूपात मिळते ही कल्पना दोन्हीकडे लागू पडते. यंत्रणा वेगळी.

कुठली घटना शक्य आहे हे तपासायला एकच आकडा लक्षात ठेवा: १२४०. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या, १२४० ला तिने भागा, फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पातळीवर ऊर्जा मोजायच्या एककात मिळते. टीव्हीच्या रिमोटचा ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश म्हणजे १.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किमान किती ऊर्जा लागते ते पाहा. यालाच वर्क फंक्शन म्हणतात, मराठी परिभाषेत कार्यफलन. सिझियमला साधारण २.१, पोटॅशियम आणि सोडियमला २.३ च्या आसपास, जस्ताला ४.३, तांब्याला ४.७. म्हणजे सगळ्यात ‘सैल’ असलेल्या सिझियममधूनही रिमोटचा प्रकाश एक इलेक्ट्रॉन काढू शकत नाही. सिलिकॉनमध्ये मात्र १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणून टीव्हीतला फोटोडायोड त्याला बरोबर पकडतो.

ऊर्जा कमी पडत असेल तर प्रकाश वाढवून काही होत नाही, हे पचायला जड जातं. रेल्वे स्टेशनवरची वजनाची यंत्रं आठवा. एक रुपयाचं नाणं टाकलं की तिकीट बाहेर. आठ आण्यांची दोन नाणी टाकून पाहा, पोतंभर टाका, यंत्र हलत नाही, कारण त्याला एका वेळी एकच नाणं कळतं. इलेक्ट्रॉनही एका वेळी एकच फोटॉन घेतो. फोटॉन पुरेसा मोठा असला तर सुटण्याचा खर्च वजा जाऊन जी ऊर्जा उरते ती इलेक्ट्रॉनच्या गतीत दिसते. प्रकाश प्रखर केला तर नाणी वाढतात, म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या वाढते, पण प्रत्येकाची कमाल ऊर्जा तीच राहते. लेनार्ड यांनी १९०२ मध्ये नेमकं हेच पाहिलं होतं आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइननी त्याचं गणित मांडलं. उपमेला मर्यादा आहे: खऱ्या धातूत बहुतेक ‘नाणी’ वाया जातात. फोटॉन शोषला गेला तरी खोलातला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत येईतो टकरांमध्ये ऊर्जा गमावतो. साध्या धातूत दहा हजारांतला एखादाच फोटॉन कामी येतो, कधी त्याहूनही कमी.

घटना प्रत्यक्ष पाहायची तर जस्ताची पट्टी आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शी (प्रभार दिला की ज्याची सोन्याची पातळ पानं फाकतात ते उपकरण) पुरे. हाल्वाक्स यांनी १८८८ मध्ये जस्ताच्याच पट्टीवर प्रयोग केले होते. पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि लगेच वापरा, कारण ऑक्साइडचा थर बसला की परिणाम झपाट्याने मंदावतो. लोकरीवर घासलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ऋण प्रभार द्या. पानं फाकली की २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा जवळ आणा. फोटॉन ४.८८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, जस्ताची गरज ४.३ ची, पानं खाली येतात. मध्ये साधी काच धरली की थांबतात, कारण काच ही तरंगलांबी अडवते. धन प्रभार दिला तर दिव्याने काहीच होत नाही, सुटलेले इलेक्ट्रॉन परत ओढले जातात.

इथे तीन चुका होतात. पहिली, जंतुनाशक दिव्याऐवजी बँकेतला नोटा तपासायचा दिवा वापरणं. तोही ‘अल्ट्राव्हायोलेट’च, पण ३६५ नॅनोमीटरचा. फोटॉन ३.४० इलेक्ट्रॉनव्होल्टचा. दिवसभर लावून ठेवलात तरी पान ढळणार नाही. दुसरी, पावसाळा. कोकणात जुलैमध्ये विद्युतदर्शी दिव्याशिवायच मिनिटभरात रिकामा होतो आणि सगळं श्रेय दिव्याला जातं. आधी दिवा बंद ठेवून पानं किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून बघा. तिसरी चूक डोळ्यांना महागात पडते: २५४ नॅनोमीटरच्या दिव्याकडे थेट पाहू नका. डोळ्यांची जळजळ लगेच नाही, काही तासांनी सुरू होते. पॉलिकार्बोनेटचा चष्मा घाला, हातही झाका.

आता प्लँकच्या स्थिरांकाचा प्रयोग. निर्वात फोटोट्यूबवर (हवा काढलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ते गोळा करणारा ॲनोड) एका रंगाचा प्रकाश पाडायचा, ॲनोडला कॅथोडच्या तुलनेत ऋण विभव द्यायचं आणि ज्या विभवाला प्रवाह शून्य होतो ते, म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल, नोंदवायचं. प्रत्येक रंगासाठी हे केलं की वारंवारतेविरुद्ध विभवाचा आलेख सरळ रेषेत येतो. त्याचा चढ म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार. समजा पाऱ्याच्या दिव्याच्या पाच रेषांची वाचनं अशी आली:

५७७ नॅनोमीटर: ०.७० व्होल्ट
५४६ नॅनोमीटर: ०.८२ व्होल्ट
४३६ नॅनोमीटर: १.४० व्होल्ट
४०५ नॅनोमीटर: १.६१ व्होल्ट
३६५ नॅनोमीटर: १.९५ व्होल्ट

टोकाच्या दोन वाचनांतला फरक १.२५ व्होल्ट, वारंवारतेतला फरक ३.०२ × १०^१४ हर्ट्‌झ. चढ ४.१४ × १०^-१५, त्याला १.६०२ × १०^-१९ ने गुणलं की ६.६३ × १०^-३४ जूल-सेकंद. छान. आता वरचं वाचन १.९५ ऐवजी १.८५ आणि खालचं ०.७० ऐवजी ०.७९ घेऊन बघा. चढ ३.५१ वर येतो आणि उत्तर ५.६. एवढ्याशा फरकाने पंधरा टक्के गेले. तेव्हा प्रश्न हा की वरचं वाचन खाली आणि खालचं वाचन वर कशाने सरकतं. नेहमीचे दोषी तीन आहेत आणि त्रास हा की तिघंही उत्तर एकाच दिशेला, कमीकडे ओढतात. पाच वाचनांची सरासरी घेऊन ते जात नाहीत.

पहिला दोषी गळती. ट्यूबच्या काचेवर बोटांचा घाम, धूळ, दमट हवेचा थर असतो आणि त्यावरून एक उलटा प्रवाह वाहतो. लावलेलं विभव जास्त तेवढी गळती जास्त. मीटर शून्य दाखवतो तेव्हा खरा प्रकाशप्रवाह शून्य झालेला नसतो, तो फक्त गळतीच्या बरोबरीला आलेला असतो. म्हणजे शून्य लवकर येतं, आणि जांभळ्या बाजूला विभव जास्त असल्याने तिथे जास्तच लवकर येतं.

दुसरा दोषी ॲनोड. ट्यूब जुनी झाली की कॅथोडवरचा सिझियम किंवा पोटॅशियम थोडाथोडा ॲनोडवर जाऊन बसतो. मग ॲनोडवर पडलेला प्रकाशही इलेक्ट्रॉन सोडतो आणि ते उलट्या दिशेने कॅथोडकडे जातात. लहान तरंगलांबीला हे जास्त होतं. पुन्हा वरचंच वाचन खाली.

या दोघांना वेगळं करायची युक्ती सोपी आहे. विभव स्टॉपिंगच्या बरंच पुढे, समजा ३ व्होल्टवर न्या. मीटर ऋण प्रवाह दाखवेल. आता ट्यूबचं तोंड काळ्या टोपीने झाका. ऋण प्रवाह तसाच राहिला तर गळती. नाहीसा झाला तर ॲनोड. गळती असेल तर ट्यूबची काच आणि बेस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका, पेटीत सिलिका जेल ठेवा. ॲनोड असेल तर प्रकाशाच्या वाटेत लहान फट ठेवून तो फक्त कॅथोडवर पडेल असं करा. काही संचांत ॲनोडची तार तापवून साफ करायची सोय दिलेली असते, ती माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रवाहापलीकडे वापरू नका.

तिसरा दोषी भटका प्रकाश, आणि हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पिवळ्या फिल्टरमधून किंवा ट्यूबच्या झाकणाच्या फटीतून थोडासा निळा प्रकाश शिरला तरी पुरे, कारण स्टॉपिंग पोटेन्शियल ठरवतो तो सर्वांत जास्त ऊर्जेचा फोटॉन, बहुसंख्य फोटॉन नव्हेत. मग पिवळ्याचं वाचन वर सरकतं. खोलीतली जुनी ट्यूबलाइट याला हातभार लावते. तिच्यातही पाराच असतो, त्यामुळे ४३६ नॅनोमीटरची निळी रेषा ती फुकटात देते. पांढऱ्या एलईडीतही ४५० च्या आसपासचा निळा भरपूर. खोली अंधारी करा आणि वाचन टॉर्चच्या लाल कागदातल्या उजेडात लिहा.

बऱ्याच कॉलेजांत पाऱ्याऐवजी टंगस्टनचा बल्ब आणि रंगीत काचा असतात. तिथे काचेवर लिहिलेला आकडा कशाचा, हे आधी कळायला हवं. काच जर एका तरंगलांबीपासून पुढचं सगळं लाल बाजूचं सोडणारी असेल, तर हिशेबात तिची निळीकडची कड घ्यायची. ‘दिसतो तो रंग’ घेतला की उत्तराचा भरवसा संपला.

शून्य कुठे मानायचं हाही वादाचा विषय. प्रवाहाचा आलेख शून्याला टेकताना शेपटीसारखा हळूहळू सपाट होतो, कारण सगळे इलेक्ट्रॉन कमाल ऊर्जेचे नसतात. म्हणून नुसता काटा शून्यावर आला म्हणून विभव लिहू नका. त्या भागात दर ०.०५ व्होल्टला वाचन घ्या आणि उलट्या प्रवाहाच्या सपाट रेषेपासून आलेख जिथे सुटतो तो बिंदू घ्या. वाचन सुरू करण्यापूर्वी मीटरला १० मिनिटं आणि पाऱ्याच्या दिव्याला १५ मिनिटं द्या. गरम पाऱ्याचा दिवा मध्येच बंद केला तर लगेच पेटत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं आणि प्रॅक्टिकलची वेळ तिथेच जाते.

उलट उत्तर जास्त आलं तर पिवळी रेषा फार मंद आहे का बघा. प्रवाह मीटरच्या कुवतीपेक्षा लहान झाला की शून्य वेळेआधी येतं, खालचं वाचन आणखी खाली जातं आणि चढ वाढतो.

आलेख उभ्या अक्षाला जिथे छेदतो त्यावरून कॅथोडचं वर्क फंक्शन काढून जर्नलमध्ये लिहिलं जातं. वरच्या वाचनांत तो छेद उणे १.४५ व्होल्ट येतो. हे कॅथोडचं वर्क फंक्शन नाही. दोन वेगळे धातू तारेने जोडले की त्यांच्यात संपर्क विभव तयार होतं, आणि ते हिशेबात धरलं की समीकरणातून कॅथोडचं वर्क फंक्शन कटून जातं आणि ॲनोडचं उरतं. आता शुद्ध धातूच्या ॲनोडचा आकडा ४ किंवा ५ असायला हवा, इथे १.४५ दिसतो, म्हणजे ॲनोडवर अल्कली धातू बसला आहे हा वरचा संशय खराच. चढावर मात्र याचा परिणाम होत नाही. प्लँकचा स्थिरांक मोजायला ही पद्धत चालते ती त्यामुळेच. तोंडी परीक्षेत हे सांगितलंत तर परीक्षक एकतर खूश होतील किंवा वाद घालतील. दोन्हींची तयारी ठेवा.

पृष्ठभागाची ही डोकेदुखी, हाच स्थिरांक याच पद्धतीने मोजणाऱ्या मिलिकन यांनाही होती. त्यांनी शिकागोत लिथियम, सोडियम आणि पोटॅशियमच्या कांड्या निर्वात नळीत बसवून, आतच फिरत्या पात्याने त्यांचा वरचा थर तासून ताज्या पृष्ठभागावर मोजणी केली. १९१६ मध्ये त्यांनी दिलेला आकडा आजच्या एककांत ६.५७ × १०^-३४. तोही कमीच, जवळजवळ एक टक्क्याने, कारण काही अंशी त्यांनी वापरलेला इलेक्ट्रॉनचा प्रभारच किंचित कमी होता. आज हा स्थिरांक मोजायचा प्रश्नच उरलेला नाही: २०१९ पासून ६.६२६०७०१५ × १०^-३४ हे त्याचं ठरवून दिलेलं मूल्य आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या त्यावर उभी आहे.

खरा, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढणारा प्रकाशविद्युत परिणाम आज कुठे वापरतात? बोलपट आल्यानंतर कित्येक दशकं प्रोजेक्टरमध्ये एक छोटा एक्सायटर दिवा फिल्मच्या कडेवरच्या ध्वनिपट्टीतून प्रकाश टाकायचा आणि पलीकडची सिझियमची फोटोट्यूब त्याचा प्रवाह करायची. पुढे फोटोडायोडने तिची जागा घेतली. पदार्थाच्या पृष्ठभागाचं रासायनिक विश्लेषण करायला क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन काढून त्यांची ऊर्जा मोजतात. पण सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे फोटोमल्टिप्लायर ट्यूब.

तिच्या तोंडाशी आतल्या बाजूने अल्कली धातूंचा पातळ थर असतो. निळ्या प्रकाशाला त्याची कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांच्या आसपास, साध्या धातूच्या मानाने प्रचंड. सुटलेला एक इलेक्ट्रॉन पहिल्या डायनोडवर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्टीवर आपटून तीन-चार इलेक्ट्रॉन काढतो, ते पुढच्यावर, असे दहा टप्पे. प्रत्येक टप्प्याला चौपट धरलं तर दहा टप्प्यांत दहा लाख पट. एक फोटॉनही मोजता येतो तो असा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात वैश्विक किरणांच्या सरी याच ट्यूबने टिपतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले इथे उभारलेल्या २१ मीटरच्या मेस दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात अशा १,०८८ ट्यूब आहेत. तिथे पकडायचा प्रकाश म्हणजे गॅमा किरणांमुळे वातावरणात उठणारी, सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती निळसर झळाळी. इलेक्ट्रॉन सुटायला अजिबात उशीर होत नाही, हा या परिणामाचा गुण तिथे कामाला येतो.

ट्यूब वापरताना काळजीच्या दोन गोष्टी. दहा टप्प्यांच्या ट्यूबची वाढ विभवाच्या साधारण सातव्या घाताने बदलते. पुरवठा एक टक्का हलला की संकेत सात टक्के हलतो, तेव्हा स्थिर हाय-व्होल्टेज पुरवठ्यावर कंजुषी नको. आणि हाय व्होल्टेज चालू असताना झाकण उघडू नका. खोलीच्या उजेडात प्रवाह इतका वाढतो की शेवटचे डायनोड कायमचे खराब होतात. विभव बंद असताना उजेड लागला तर ट्यूब मरत नाही, पण थर ‘जागा’ राहतो आणि अंधारातले खोटे ठोके वाढतात. अशी ट्यूब काही तास, जमल्यास रात्रभर, विभव लावून बंद पेटीत ठेवायची आणि मगच मोजायला घ्यायची.

रस्त्याच्या दिव्याचा फोटोसेल लुकलुकत असेल तर यातलं काहीच लागत नाही. त्याला त्याच्याच दिव्याचा उजेड दिसतोय: दिवा लागतो, सेन्सरला दिवस वाटतो, तो दिवा बंद करतो. सेन्सर दिव्याच्या वर, आकाशाकडे तोंड करून बसवा आणि झाकण पिवळं पडलं असेल तर बदला.